लेओन्तिस गणातले दोन थेरोन

आगोऱ्याच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, मधोमध उभं राहून कुणी "थेरोन!" अशी हाक मारली, की निदान चार माणसं वळून बघायची. एक चांभार, एक बासरीवाला, एक रोज न्यायसभेत जाऊन बसणारा म्हातारा, आणि एक तो तिरळा, जो नेमका कुणाकडे बघतोय हे कधी कळायचं नाही. आमच्या अथेन्समध्ये नावांचा काही दुष्काळ नाही. पण थोरल्या मुलाला त्याच्या आजोबाचं नाव द्यायचं ही रीत, आणि रीत म्हटली की ती घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायचीच. आजोबा थेरोन म्हणून नातू थेरोन, आणि त्या नातवाचा नातू पुन्हा थेरोन.

कढण विकणाऱ्या मेलिन्नाचा मुलगाही थेरोनच. आता होता म्हणायचं. गेल्या उन्हाळ्यात बोइओतियाच्या सीमेवर एका टेकडीच्या उतारावर तो पडला. त्याच उतारावर, त्याच सकाळी, त्याच्याच लेओन्तिस गणातला, म्हणजे नगराच्या दहा गटांपैकी त्याच गटातला, आणखी एक थेरोन पडला, जमीनदार लिसानियासचा एकुलता एक मुलगा. जगून आलेल्या सैनिकांनी दोन्ही घरी जाऊन एकच हकिकत सांगितली. ओळ मोडली, सगळे ओढ्याकडे पळत सुटले, तेव्हा हे दोघे ढाली एकमेकींना भिडवून वाटेत उभे राहिले. बाकीचे ओढा पार करेपर्यंत ते हटले नाहीत. मग हटण्यासारखं काही उरलंच नाही.

या दोघांची गाठ मात्र टेकडीवर पडलेली नव्हती. ती मेलिन्नाच्या मांडीवर पडली होती. दोघं एकाच महिन्यात जन्मले. लिसानियासच्या बायकोला दूध येईना, म्हणून मेलिन्नाला दाई म्हणून बोलावणं आलं, आणि ती आपलं बाळ काखेत घेऊन त्या मोठ्या घरात गेली. दहाव्या दिवशी लिसानियासने थाटात नामकरण केलं, मुलाला आपल्या बापाचं नाव दिलं, आणि मग त्याला कळलं की गलबतावर वल्ही मारणाऱ्या मिकोननेही आपल्या पोराचं नाव तेच ठेवलंय. हा मिकोन म्हणजे मेलिन्नाचा नवरा. लिसानियासच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक बंदरावर गेला.

"आमच्या घराण्याचं नाव उचललंस, लाज नाही वाटली?"

मिकोनने वल्ह्याला चरबी चोपडता चोपडता मान वर केली. "माझ्या बापाचं नाव थेरोन. मग पोराचं काय ठेवू, लिसानियास?"

अख्खं बंदर हसलं. मिकोन पुढे वादळात बुडाला, पण ही गोष्ट वल्हेकरी अजून सांगतात.

मेलिन्नाने दोन्ही पोरांना वाढवलं. एक हाक मारली की दोन पोरं धावत यायची, एकाला दटावलं की दोघं गप्प बसायची. तिचं काम निम्म्यात व्हायचं, असं ती म्हणायची. दाईपण संपल्यावर तिने सभागृहाच्या कोपऱ्यावर वाटाण्याच्या दाट कढणाचं मडकं मांडलं. सभेला जाणारे बडे लोकही तिच्याकडे वाटीभर कढण पिऊन जायचे, आणि तिची बोलणी खाऊन जायचे.

हिवाळ्यात अस्थी आल्या. प्रत्येक गणाची सायप्रस झाडाच्या लाकडाची एक पेटी. लेओन्तिस गणाच्या पेटीत दोन्ही थेरोन होते, बाकीच्यांबरोबर, कुणाचं काय ते कुणालाच ठाऊक नसलेले. मेलिन्नाने त्या पेटीवर हात ठेवून रडून घेतलं. पेटीच्या दुसऱ्या टोकाला लिसानियास उभा होता. तो रडला नाही. त्याच्या घराण्यात पुरुष रडत नाहीत म्हणे. त्याने मेलिन्नाकडे पाहिलंही नाही.

वसंतात वेशीबाहेर कुंभारवाड्याच्या स्मशानात शिळा उभी राहिली. आमच्या या शिळांची एक रीत आहे. मेलेल्याचं फक्त नाव कोरायचं, आपापल्या गणाखाली. बापाचं नाव नाही, हुद्दा नाही, जमीनजुमला नाही. नगरासाठी मेले ते सगळे नगराची मुलं. आम्हाला या गोष्टीचा फार अभिमान आहे, आणि असायलाच हवा. फक्त ज्याने हा नियम केला त्याच्या गणात दोन थेरोन नसणार.

मेलिन्ना आणि तिची बाजारातली शेजारीण, लसूणवाली सिमिखे, सकाळीच शिळा बघायला गेल्या. दोघींना अक्षर येत नव्हतं. मेलिन्नाने एका तेलाच्या व्यापाऱ्याचं उपरणं धरलं.

"दादा, लेओन्तिस गणाची तेवढी रांग वाचून दाखवा."

तो भला माणूस होता. घसा खाकरून मोठ्याने वाचू लागला. नावामागून नाव. मध्येच "थेरोन" आलं तशी मेलिन्नाने सिमिखेचा दंड आवळला. पुढचं नाव दुसरंच. त्याच्या पुढचंही दुसरंच. शेवटपर्यंत वाचून व्यापारी थांबला.

"परत वाचा."

"बाई, दगड आहे तो. परत वाचला तरी तेच येणार."

"परत वाचा म्हणते ना!"

त्याने परत वाचलं. थेरोन एकदाच आला. व्यापारी तिच्या चेहऱ्याकडे बघून गुपचूप निघून गेला.

पलीकडे पाथरवट मानेस आपल्या छिन्न्या गोळा करत होता. मेलिन्ना त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक थेरोन खाल्लास का रे?"

"मी?" मानेस घाबरला. "मी काय खातोय! मला नावांची फळी मिळाली तशी कोरली. फळीवर लागोपाठ दोन थेरोन होते, खरं सांगतो. पण एकावर काट मारलेली होती. मी विचारलं, तर कारकून म्हणाला, लिहिणाऱ्याला डुलकी लागली असणार, तेच नाव दोनदा लिहिलंय."

"डुलकी," मेलिन्ना म्हणाली. "पोरं तिकडे उभी राहून मेली, आणि यांना वाटलं डुलकी."

बाजारात ही बातमी कढणापेक्षा आधी गरम झाली. जो तो समजूत घालायला आला. चांभार थेरोन म्हणाला, नाव तर आहे ना मावशी, वाचणाऱ्याला काय कळतंय कुणाचं ते. बासरीवाला म्हणाला, एका नावात दोघं मावतात, नावाला काय वजन असतं? सिमिखेसुद्धा म्हणाली, "अगं मेलिन्ने, अक्षरं तर तीच ना? दोनदा कोरली काय नि एकदा कोरली काय."

"दोघांनी मिळून एक ढाल घेतली होती का?" मेलिन्नाने पळी मडक्यावर आपटली. "एक भाला घेतला होता? एकच जखम वाटून घेतली? दोन पोरं उभी राहिली तर दोन नावं पाहिजेत. मला उपकार नको आहेत कुणाचे. जे त्यांनी कमावलं ते पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मडकं सिमिखेवर सोपवून ती सभागृहाच्या ओसरीत कारकुनासमोर उभी राहिली. कारकून तिच्याकडे रोज कढण प्यायचा, पण खुर्चीवर बसला की ओळख विसरायचा.

"अर्ज कोण करणार?" त्याने विचारलं. "बाप किंवा भाऊ पाहिजे."

"बाप समुद्रात आहे. भाऊ नाही."

"मग मुलाचा चुलता, मामा?"

"कुणी नाही. मी आहे."

"तू बाई आहेस," कारकून म्हणाला, जणू तिच्या लक्षात आलं नसावं. मग त्याला थोडी दया आली आणि तो खाली वाकून बोलू लागला. "हे बघ. समजा तुला पुरुष मिळाला, तरी त्याने काय सांगायचं? आमच्या मुलाचं नाव राहिलं, असंच ना? म्हणजे शिळेवर आहे तो थेरोन दुसऱ्याचा, हे आधी कबूल करायचं. तू कबूल करतेस?"

मेलिन्ना आणखी एक पाऊल पुढे सरकली.

"शिळेवरचा थेरोन मिकोनचा नाही, हे तुला कशावरून माहीत?"

"तो मिकोनचा आहे हे तरी तुम्हाला कशावरून माहीत?"

"मला माहीत असायची गरज नाही," कारकून समाधानाने म्हणाला. "ज्याचं राहिलं त्याने यावं आणि म्हणावं, तो कोरलेला माझा नव्हे, माझा राहिलाय. मग सभा दुसरं नाव कोरायला सांगेल. पण सभेसमोर उभं राहून तेवढं बोलणारा बाप पाहिजे. तुमच्या दोन थेरोनांत मिळून जिवंत बाप एकच आहे."

तो एकच बाप कोण हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्या बापाने शिळेला तेल चोळून, थेरोनच्या नावावर जांभळी फीत बांधून ठेवली होती. गावभर सांगितलंही होतं की आमच्या घराण्याचं नाव कुंभारवाड्यात लागलं.

मेलिन्ना तशीच लिसानियासच्या दारात गेली. ते दार तिला चांगलं ठाऊक होतं. आत अंगणात लिसानियास एकटाच बसला होता. पुढ्यात जवाची भाकर आणि ऑलिव्ह, आणि दोन्ही तशीच पडलेली. तो वाळला होता. बायको केव्हाच गेलेली, आणि आता मुलगा. एवढ्या मोठ्या घरात त्याच्या आवाजाला दुसरा आवाज उरला नव्हता.

"काय काढलंस, दाई?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि कारकुनाच्या शेवटच्या वाक्याशी आल्यावर त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे मी पाचशे माणसांसमोर उभं राहून सांगायचं, की शिळेवर माझा मुलगा नाही? वल्हेकऱ्याचा आहे?"

"दुसरं नाव लगेच कोरतील, मालक. तुमचं कुठे जाणार नाही."

"खाली कुठेतरी कोरतील. चूक झाली म्हणून मागून घुसडलेलं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या थेरोन झाले. एकाने घोडदळ चालवलं, एकाने मंदिराला खांब दिला. त्यांच्या वंशजाचं नाव मागून घुसडायचं? ते नाव आधीच तुझ्या नवऱ्याने चोरलं, आता जागाही तू चोरणार?"

"माझ्या नवऱ्याने बापाचं नाव घेतलं, तुमच्या बापाचं नव्हे," मेलिन्ना म्हणाली. "आणि मग मी काय करणार तेही ऐका. माझं मडकं मी उद्यापासून शिळेपाशी मांडते. जो कुणी वाचत वाचत थेरोनपाशी येईल, त्याला सांगणार, हा मिकोनचा. वल्हेकरी मिकोनचा. रोज सांगणार. माझा घसा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही एक गुलाम उभा करा, तो सांगेल, हा लिसानियासचा. बघू कोण आधी थकतं."

"एवढी हिंमत? माझं अन्न खाऊन?"

"तुमचं अन्न मी खाल्लं. माझं दूध तुमच्या पोराने प्यायलं. फिटलं केव्हाच." तिचा आवाज मात्र इथे फाटला, आणि तिने तो सावरायचा प्रयत्नही केला नाही. "मला हे करायचं नाहीये हो. तोही माझाच आहे. त्याला चालायला मी शिकवलं, तुमच्या या अंगणात, या खांबापासून त्या खांबापर्यंत. तो इथे नाही असं ज्या दिवशी माझ्या तोंडून निघेल, त्या दिवशी माझी जीभ झडेल. म्हणून म्हणते, उठा. दोन शब्द बोला."

लिसानियास उठला, पण तिच्याकडे पाठ करून. "जा तू," एवढंच म्हणाला.

मेलिन्ना बोलल्याप्रमाणे वागणारी बाई. दुसऱ्या सकाळी तिचं मडकं कुंभारवाड्यात, लेओन्तिस गणाच्या शिळेशेजारी उभं होतं. लाकडी बाकही तिने उचलून आणला होता. सिमिखे लसणाची जुडी घेऊन बरोबर आली, कारण असलं भांडण ती फुकट सोडणार नव्हती.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण घिसाडी. शिळेसमोर थांबून तो मोठ्याने वाचू लागला. नावं पुढे सरकली. "थेरोन," तो म्हणाला.

सिमिखेने मेलिन्नाला कोपर मारलं. मेलिन्नाने तोंड उघडलं. हा मिकोनचा, एवढेच दोन शब्द. ती कालपासून ते घोळवत होती. तोंड उघडं राहिलं, शब्द येईनात. घिसाडी पुढचं नाव वाचायला निघाला.

"दोघे होते," मेलिन्ना एकदम म्हणाली.

"काय?"

"थेरोन दोन होते. दगडावर एक आहे, पण होते दोन. एक मिकोनचा, एक लिसानियासचा."

"अगं!" सिमिखे कुजबुजली. "तू काय म्हणणार होतीस?"

"गप्प बस तू."

घिसाडी थांबला. त्याने वाटीभर कढण घेतलं आणि बाकावर बसला, आणि मेलिन्ना सांगू लागली. टेकडी, ओढा, मोडलेली ओळ. मग टेकडीआधीच्याही गोष्टी. लिसानियासचा थेरोन लहानपणी इतका तोतरा बोलायचा की 'घोडा' म्हणता म्हणता घोडा पार गल्लीच्या टोकाला जायचा, आणि मिकोनचा थेरोन त्याचं वाक्य पुरं करून द्यायचा. मिकोनचा इतका भित्रा की कोंबडं अंगावर आलं तरी लिसानियासच्याच्या मागे दडायचा. "आणि हा भित्रा नि तो तोतरा," ती म्हणायची, "यांच्या मागून तुमची सगळी शहाणी, बोलकी, धीट फौज ओढा पार करून घरी आली."

लोक हसायचे, आणि हसता हसता एकदम गप्प व्हायचे. ऐकलेला माणूस घरी जाऊन दुसऱ्याला पाठवायचा. थोड्याच दिवसांत असं झालं की लोक बाकीची शिळा सोडून आधी विचारायचे, ते दोन थेरोन कुठले? मेलिन्नाच्या मडक्याचा तळ रोज दुपारीच दिसू लागला. सिमिखे म्हणाली, "बाई गं, हे भांडण तुला चांगलंच मानवलंय."

लिसानियासने गुलाम पाठवला नाही. तो स्वतः आला. त्याच्या कानावर एवढंच गेलं होतं की दाई शिळेपाशी बसून लोकांना काहीबाही सांगते. तिला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणून तो डोक्यावरून उपरणं ओढून गर्दीच्या मागे उभा राहिला. त्या वेळी मेलिन्नासमोर आठदहा माणसं होती आणि ती त्याच्याच मुलाबद्दल बोलत होती.

"नाही नाही, तो लिसानियासचा," ती कुणाला तरी समजावत होती. "त्याला परत फिरता आलं असतं. त्याच्याकडे चांगलं कवच होतं, पाय लांब होते, तो घोड्यासारखा धावायचा. माझ्या पोराचा पाय दुखावला होता, एका सैनिकाने मागाहून मला सांगितलंय. माझा तिथून हलूच शकत नव्हता. लिसानियासचा हलू शकत होता. तरी तो थांबला. माझ्या पोराने पराक्रम केला, मला त्याचा गर्व आहे, मी तो मिरवणार. पण त्या दोघांत जास्त कठीण काम कुणी केलं असेल, तर त्या दुसऱ्याने. त्याच्या बापाला हे कुणी सांगितलंय का, मला माहीत नाही. मी त्याच्या घरी गेले होते, पण आमचं भांडण झालं आणि हे सांगायचं राहून गेलं."

लिसानियासला हे कुणी सांगितलं नव्हतं. सैनिकांनी त्याला घराण्याला शोभेल असं सगळं सांगितलं होतं. वीर, शूर, तुमच्या पूर्वजांसारखा. पाय दुखावलेल्या मुलाबद्दल कुणी बोललं नव्हतं. तो मागच्या मागे निघून गेला. मेलिन्नाने त्याला पाहिलं नव्हतं. सिमिखेने पाहिलं, पण यावेळी ती काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ही गोष्ट घडल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पाचशेंची सभा भरली त्या सकाळी सिमिखे धापा टाकत कुंभारवाड्यात आली. "ऊठ, ऊठ! लिसानियास सभेत गेलाय. डोक्यावर माळ घालून!"

दोघी सभागृहाच्या कठड्याशी पोचल्या तेव्हा तिथे बरीच गर्दी झाली होती. आत बायकांना जागा नाही, पण दार उघडं असलं की बाहेर सगळं ऐकू येतं. लिसानियास मध्ये उभा होता. बोलायला उभा राहणारा घालतो ती मेंदीची माळ त्याच्या टकलावर तिरकी बसली होती. त्याने हात वर केला नाही, प्रस्तावना केली नाही. पूर्वजांतल्या एकाचंही नाव घेतलं नाही, आणि जुन्या सभासदांना तेच आधी विचित्र वाटलं.

"लेओन्तिस गणाच्या शिळेवर जो थेरोन आहे," तो म्हणाला, "तो मिकोनचा. वल्हेकरी मिकोनचा आणि मेलिन्नाचा. माझा मुलगा राहिलाय. त्याचं नाव कोरा."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्याने आयुष्यभर त्या नावावरून बंदराशी वैर केलं, तोच ते नाव वल्हेकऱ्याच्या पदरात टाकत होता.

अध्यक्ष चुळबुळला. "लिसानियास, तुला नक्की माहीत आहे? कोरलेला तुझा नाही? तू तर फीत बांधली होतीस म्हणे."

"मी बाप आहे," लिसानियास म्हणाला. "माझा मुलगा कुठे नाही, हे तुम्ही मला शिकवणार?"

"पण पुरावा काय?"

"पुरावा पाहिजे असेल तर बाहेर जा. ते दोघं हटले नाहीत म्हणून परत आलेली माणसं या गावात फिरताहेत. त्यातली काही तुमच्यात बसली आहेत. त्यांनी सांगावं, टेकडीवर किती थेरोन होते."

डाव्या बाजूला एक माणूस उठला. मग त्याच्या मागे एक. मग तिसरा उठला, तो लंगडत होता. ते काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. कठड्याबाहेर मेलिन्नाने सिमिखेचा हात इतका घट्ट धरला की नंतर दोन दिवस तो निळा होता. तिला रडू येत होतं, पण तिने मान खाली घातली नाही. एवढी ताठ मान घेऊन त्या दिवशी अथेन्समध्ये आणखी कुणी उभं असेल, असं वाटत नाही.

अध्यक्षाने मतं घेतली. सगळे हात वर गेले. कारकुनाने हुकूम लिहिला, आणि या वेळी त्याला कुणाला डुलकी लागल्यासारखं वाटलं नाही.

मानेसने दुसरा थेरोन कोरला. रांगेत मध्ये जागा नव्हती, म्हणून अगदी तळाला, शेवटच्या नावाखाली. अक्षरं थोडी लहान आणि वेगळ्या वळणाची झाली, कारण मधल्या काळात मानेसची चांगली छिन्नी मोडली होती. लिसानियास कोरून होईपर्यंत तिथेच उन्हात उभा होता. मग त्याने वरच्या नावावरची जांभळी फीत सोडली आणि मेलिन्नाच्या हातात दिली.

"तुझ्या मुलाचं नाव आहे. तू बांध."

तिने ती वरच बांधली. त्याने आणलेली दुसरी फीत खाली बांधली. तेल चोळून झाल्यावर तो बाजूला उभा राहिला, जायचं की थांबायचं हे न ठरवता.

तेवढ्यात मेगाराहून आलेला एक प्रवासी, गाढवाला दोरीने धरून, शिळेसमोर थांबला. त्याने सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवत रांग वाचली. मध्ये थेरोन आला. आणखी नावं आली. तळाशी पुन्हा थेरोन.

"हा थेरोन एकदम खाली का?" त्याने सहज विचारलं. "हा उशिरा मेला का?"

मेलिन्ना उत्तर द्यायला वळली. लिसानियासने तिच्या आधी तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "तो वेळेवर मेला. त्याच्या बापाला उशिरा कळलं."

प्रवाशाने मान हलवली, त्याला पुरतं समजलं नसावं, आणि गाढव ओढत तो पुढे गेला. मेलिन्ना बाकावर एका बाजूला सरकली. लिसानियास तिच्याशेजारी बसला, आणि पुढचा वाचणारा येईपर्यंत दोघं माना ताठ ठेवून तिथेच बसून राहिली.